वीतभर दोरी

आमची दोरी म्हणजे माझ्या जुन्या बुटाची नाडी. दुहेरी करून मधे गाठ मारली आणि दोन टोकांना दोन फास केले. एक फास तिच्या डाव्या हाताच्या बोटांत, दुसरा माझ्या उजव्या. मधे वीतभर अंतर. मोठ्या स्पर्धांमध्ये अंध धावपटू आणि त्यांचे गाइड वापरतात ती दोरी जरा देखणी असते, पण काम तेच. ताणली जाणारी मात्र चालत नाही. इलास्टिक लावून बघण्याची हौस आम्ही एकदा भागवून घेतली. मी वळायचे आणि ती दोन पावलं तशीच सरळ जायची. तिसऱ्या वळणाला दोघी हिरवळीवर.

ती आमच्या बँकेच्या शाखेत क्लार्क आहे. वय चोवीस, मी अठ्ठेचाळीस. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिनं बजावलंय, ‘लिहा खुशाल, पण नाव नको. लोक लगेच प्रेरणादायी म्हणत्यात.’ बँकेत ती शुद्ध पुस्तकी मराठी बोलते आणि मला मॅडम म्हणते. मैदानावर आली की सातारा जिल्ह्यातलं गाव तिच्या जिभेवर येतं आणि मी ताई होते. कानात हेडफोन लावून ती संगणकाचं बोलणं ज्या वेगानं ऐकते, ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मशीन बिघडलंय असं वाटलं होतं.

सुरुवात २०२४ च्या गणपतीत झाली. गणपती बसले त्याच दिवशी, ७ सप्टेंबरला, रात्री पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये सिमरन शर्मानं २०० मीटर टी-१२ गटात, म्हणजे अंशतः दिसणाऱ्यांच्या गटात, कांस्यपदक मिळवलं. सोमवारी डबा खाताना तो विषय निघाला. तिनं शर्यत ऐकली होती, पण समालोचकांनी नेमकं हवं तेच सांगितलं नव्हतं. ‘मॅडम, तिच्या हाताला बांधलेला तो माणूस नक्की काय करतो?’ मी मोबाइलवर ती शर्यत पुन्हा लावली आणि बघून बघून सांगत गेले. अभय सिंग तिच्या शेजारी आहे, पाय एकत्र पडताहेत, शेवटी तो किंचित मागे राहिला. मग कळलं की मागे राहणं हा नियमच आहे. गाइडनं ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि रेषा धावपटूच्या आधी ओलांडायची नाही. आदल्याच दिवशी, रविवारी, स्पेनच्या एलेना काँगोस्टला मॅरेथॉनमध्ये अपात्र ठरवलं होतं. तिसऱ्या क्रमांकावर असताना, अगदी रेषेजवळ तिच्या गाइडच्या पायात गोळा आला, तो पडतोय असं वाटून तिनं त्याला सावरलं आणि त्यात दोरी सुटली. एवढंच. आमच्या टेबलावर यावर कडाक्याचं भांडण झालं. कॅशियर म्हणाले, नियम म्हणजे नियम. ती म्हणाली, ‘पडणाऱ्याला धरायचं नाही असा कसला नियम?’ आणि डब्याचं झाकण लावता लावता मला विचारलं, ‘तुम्ही टेकडीवर पळता ना? मला घ्याल बरोबर?’

मी हो म्हटलं. मला वाटलं, तिला फिरायला यायचंय.

पहिल्या सकाळी मैदानावर मी तिचा हात धरून चालायला लागले, तर चौथ्या मिनिटाला तिनं हात सोडवला. ‘आवो ताई, पळायचंय मला. फिरायचं न्हाई.’

ती शाळेत खो-खो खेळायची, हे तेव्हा कळलं. नववीपर्यंत. तालुक्याच्या संघात होती. मग संध्याकाळच्या सरावात तिला पळणारी मुलगी दिसेनाशी व्हायला लागली. समोरची दिसायची, बाजूनं निसटणारी नाही. सरांना वाटलं, पोरगी धांदरट झाली. दोन सामने बाहेर बसवलं आणि मग नाव काढलं. वर्षभरानं पुण्यात तपासणी झाली, तेव्हा त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात असं कळलं. आधी रातांधळेपणा येतो, मग नजरेच्या कडा जातात, बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतं, आणि पुढे तो बोगदाही अरुंद होत जातो. तिला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. खो-खोत ज्या कडेच्या नजरेवर सगळा खेळ चालतो, तीच तिची सगळ्यात आधी गेली, आणि संघातून काढलं ते धांदरटपणासाठी. डोळे गेल्याचं ती कुणालाही सहज सांगते. धांदरट म्हटल्याचा राग मात्र अजून ताजा आहे.

गाइड होणं मला सोपं वाटलं होतं. तिला दिसत नाही, मला दिसतं, मग मी सांगायचं आणि तिनं पळायचं. पहिला आठवडा मी आकाशवाणी केंद्र होऊन पळाले. डावीकडे गुलमोहर आहे, पुढे दोन आजोबा आहेत, एक काळं कुत्रं झोपलंय, आता ऊन आलं. आठव्या दिवशी ती म्हणाली, ‘ताई, झाड मधे येत नसंल तर सांगू नका. दम वाचवा.’ थोड्या वेळानं, ‘पण बहावा फुलला की सांगा.’

मग मीच एकदा डोळ्यांवर ओढणी बांधून बघितली. मैदानाची सरळ बाजू, शंभर मीटर मोकळी, समोर काहीही नाही हे मला पक्कं माहीत. तरी दहाव्या पावलाला माझे दोन्ही हात आपोआप वर आले, गुडघे कडक झाले आणि मी उभी राहिले. ती शेजारी हसत होती. नाडीचं दुसरं टोक तिच्या हातात होतं आणि मी ते इतकं घट्ट धरलं होतं की बोटावर वळ उठला. ‘आता कळलं का, मी हात सैल का सोडते? घट्ट धरलं की नाडीतलं काही कळतच न्हाई.’ टी-११ या सगळ्यात कमी दिसणाऱ्यांच्या गटात सगळ्याच धावपटूंना डोळ्यांवर पट्टी बांधावी लागते. कुणाला थोडा उजेड कळतो, कुणाला तेवढाही नाही, पट्टीनं सगळे सारखे होतात. वाचलेलं होतं. त्या दिवशी जरा समजलं.

पावलं जुळायला तीन आठवडे गेले. मी तिच्या डाव्या बाजूला. माझा उजवा हात पुढे जाईल तेव्हाच तिचा डावा पुढे यायला हवा, म्हणजे पायही आरशातल्यासारखे पडतात, आतले दोन एकत्र, बाहेरचे दोन एकत्र. हे जमलं की दोरी आहे हेच विसरायला होतं. नाही जमलं की हात करवतीसारखे चालतात. बोलायचे शब्द शेवटी पाचच उरले: उंच, खाली, अरुंद, वळण, थांब. ‘अरुंद’ म्हटलं की ती माझ्या मागे अर्धं पाऊल सरकते. सहावा शब्द तिनं घातला. वेग वाढवायचा असेल तेव्हा मी ‘खो’ म्हणायचं.

खरी कटकट पळण्याच्या बाहेर होती.

पहिली पासची. मैदानावर सकाळी यायला महिन्याचा पास लागतो. तिचा काढला, माझा आधीचा दुसऱ्या वेळेचा होता. खिडकीवर सांगितलं, हिच्याबरोबर मी असणार. ‘सोबत आलेल्यांनी गेटबाहेर थांबायचं.’ मी म्हटलं, मी बाहेर थांबले तर ही आत कशी पळणार? ‘मग आत चालायला सांगा त्यांना, कडेकडेनं.’ हे सगळं माझ्याकडे बघून. ती शेजारीच उभी होती. मैदानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिथल्याच माणसांनी मदत केली.

दुसरी कटकट बायकांनाच कळेल अशी. बायकांचं स्वच्छतागृह होतं, पण कुलूपबंद. आत जाळ्या, हर्डल्स आणि फक्कीची पोती. पुरुष काय, भिंत शोधतात. सकाळी चालायला येणाऱ्या बायका चाळीसेक मिनिटांत घरी परततात, म्हणून कुणी कधी किल्ली मागितलीच नव्हती. आमचा सराव दीड तासाचा, आणि तिला कुठल्याही अनोळखी आडोशाला जाता येत नाही. पंधरा दिवसांनी मला कळलं की ती पहाटे उठल्यापासून सराव संपेपर्यंत पाणीच पीत नाही. पायात गोळे का येतात म्हणून मी तिला केळी खाऊ घालत होते.

मग अर्ज लिहिला. बँकेतल्या माणसांना अर्ज लिहायची खोड असतेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कलम ३० खेळांबद्दल आहे. दिव्यांगांना खेळात सहभागी होता यावं म्हणून शासनानं उपाय करायचे, सोयीसुविधा उभ्या करायच्या, असं त्यात आहे. ते जोडलं. मागण्या दोनच ठेवल्या, एका पासवर धावपटू आणि गाइड, आणि स्वच्छतागृहाची किल्ली. ‘साहेब मंगळवारी भेटतील’ असं तीन मंगळवार ऐकलं. चौथ्या वेळी मी अर्ज घेऊन चालणाऱ्या बायकांकडे गेले. त्यांना गाइडचं काही देणंघेणं नव्हतं, किल्लीचं मात्र होतं. एकोणीस सह्या झाल्या. एक आजी म्हणाल्या, ‘अगं, मी तर या भीतीनं सकाळचा चहाच सोडलाय.’

गेटवरचे वॉचमन निवृत्त सैनिक होते, खडकीला नोकरी केलेले. अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता त्या दिवसांत त्यांनी आम्हाला स्वतःच्या जबाबदारीवर आत सोडलं. ‘आमच्या ईएमईचे पेटकर माहिती आहेत ना?’ ते म्हणाले. ईएमई म्हणजे लष्करातलं यंत्रसामग्री सांभाळणारं दल. मुरलीकांत पेटकर ६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्ण घेऊन आले. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. वॉचमनकाकांनी हे असं सांगितलं की जणू पदक त्यांच्या कंपनीच्या स्टोअरमध्येच जमा आहे. किल्ली शेवटी आली. पोती कुठे हलवली विचारू नका, पुरुषांच्या बाजूला हलवली.

तिसरी कटकट तिच्या आईची, आणि ती मला पटत होती. मला बँकेच्या कामानं कधी बाहेरगावी जावं लागतं. टेकडीवरच्या आमच्या गटातले दोन-तीन पुरुष गाइड व्हायला तयार होते, चांगली माणसं. आई म्हणाल्या, ‘अहो ताई, पहाटे पाचला परक्या पुरुषाच्या हाताला दोरी बांधून पोरगी पळणार, वाड्यातल्या लोकांना मी काय सांगू?’ मी वाद घालायच्या तयारीत होते. तिनंच वेगळं काढलं. ‘मला पुरुष चालतो. पण त्या सहा फुटी दादांचा हात माझ्या खांद्याशी येतो, माझा त्यांच्या कमरंशी. आणि बाथरूमला जायचं तर ते काय करतील, बाहेरनं सूचना देतील?’ गाइड बाईच हवी, हे असं ठरलं. बायका मिळणं अवघड. पहाटे पाचला मोकळी असलेली, डबे नसलेली, आणि तिच्याइतकी पळणारी बाई आणा बघू कुठून.

आता माझी चूक. जानेवारी, नवीन वर्षाचे पहिले दिवस. सराव संपवून आम्ही हळू पळत गेटकडे निघालो होतो. रोजच्या ओळखीच्या एक बाई समोरून आल्या, ‘हॅपी न्यू इयर’ म्हणाल्या. मी मान वळवून ‘तुम्हालाही’ म्हटलं. गेटपाशी गाड्या येऊ नयेत म्हणून दोन खांबांमध्ये साखळी लावतात, गुडघ्याएवढ्या उंचीवर. एरवी त्या वेळी ती काढलेली असायची. मला दिसली तेव्हा मी स्वतः वळसा घालून बाजूनं निघालेही होते, आणि तोंडातून शब्द फुटला नाही. ती साखळीवरून सरळ पुढे गेली. हनुवटीला दोन टाके. नाडी तिच्या बोटात तशीच होती, माझ्या बोटातून निसटली होती.

तिच्या आईनं मला एक शब्द बोलला नाही. चहा केला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठ दिवस मी बँकेतही तिच्या टेबलाकडे गेले नाही. नवव्या दिवशी तीच आली. ‘मॅडम, उद्या किती वाजता?’ मी म्हटलं, मला नाही जमणार हे, दुसरं कुणी बघू. तिनं आवाज खाली केला, आणि बँकेत पहिल्यांदाच गावाकडचं बोलली. ‘शाळेत खांबावर डोकं आपटलं तवा चार टाके पडले होते. कुणी खो-खो बंद केला न्हवता.’ त्यानंतर मी मैदानावर कुणालाही नमस्कार करत नाही. बायका मला शिष्ट म्हणतात.

मे महिन्यात मी बहावा सांगितला. ‘कसा दिसतोय?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, पिवळा. ‘ते मला आठवतंय ओ. किती फुललाय?’ मी म्हटलं, पान दिसत नाही. ‘मग ठीक.’

तोवर एक नवीनच अडचण उभी राहिली होती. सुरुवातीला ५ किलोमीटरला आम्हाला ४१ मिनिटं लागत. पावसाळ्यापर्यंत तिला १० किलोमीटर तासाभरात पळता येईल हे दिसायला लागलं, आणि मला सत्तर मिनिटं लागतात. गाइड धावपटूपेक्षा वेगवान हवा, हे साधं गणित मी सोयीस्कर विसरले होते. दोरी आता मला पुढे ओढत होती. ती काही बोलायची नाही, फक्त हात जरा आखडता घ्यायची, म्हणजे माझ्यासाठी वेग कमी करायची, आणि ते मला नाडीतून कळायचं. फार वाईट वाटायचं.

नियम शोधताना कळलं की ५००० मीटरपासून पुढच्या शर्यतींत दोन गाइड चालतात. माझ्या नणंदेची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, उंची तिच्याएवढीच, आणि वेग आम्हा दोघींपेक्षा जास्त. पहिल्या दिवशी तिला ओढणी बांधून पळवलं. नवव्या पावलाला थांबली. म्हणाली, ‘मामी, हे भयंकर आहे.’ म्हटलं, माझ्यापेक्षा एक पाऊल कमी.

शर्यत पुण्यातलीच, १० किलोमीटरची. ऑनलाइन अर्जात दिव्यांगांसाठी एकच रकाना होता, ३ किलोमीटरची विनावेळ दौड. मी फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय गोड बोलला. ‘मॅडम, ती दौड खूप छान असते, स्टेजवर सत्कारही करतो आम्ही.’ फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, ‘सत्कार नको दादा, चिप द्या.’ छातीवरच्या नंबरला लावलेली ती चिप रेषेवरच्या चटईवरून गेली की वेळ नोंदते. ३ किलोमीटरवाल्यांना ती देतच नव्हते. १० किलोमीटर झेपेल का, त्यानं काळजीनं विचारलं. ही काळजी जुनी आहे. १९२८ ला अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर पळाल्या, आणि हे त्यांना झेपत नाही असं ठरवून ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद ठेवली. बायकांची ऑलिंपिक मॅरेथॉन १९८४ ला सुरू झाली. मी तेव्हा दुसरीत होते, म्हणजे गोष्ट काही पुराणातली नाही.

चार मेल झाले. गाइडसाठी वेगळा नंबर हवा, त्याला चिप नको, पैसे नकोत. दोन गाइड हवेत. मधे बदलायला जागा हवी. तिसऱ्या मेलला उत्तर आलं की बदललेला गाइड ‘अनधिकृत धावक’ धरला जाईल. २०२५ च्या त्या नोव्हेंबरमध्ये आपल्या मुलींनी नवी मुंबईत क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला आणि तीन आठवड्यांनी कोलंबोला अंध मुलींच्या संघानं त्यांचा पहिलाच टी-ट्वेंटी वर्ल्डकप. पहिल्याचे फोटो आमच्या शाखेत प्रत्येकाच्या स्टेटसला होते. दुसरा तिनं आम्हाला सांगितला, प्लास्टिकच्या चेंडूतले छर्रे कसे वाजतात इथपासून. मी तो दुवा चौथ्या मेलला जोडला, काही न लिहिता. त्याचा उपयोग झाला की त्यांना माझा कंटाळा आला, ठाऊक नाही. तीन नंबर आले, दोन बिनचिपचे.

नंबर घ्यायला गेलो तिथे टेबलामागच्या मुलीनं मला विचारलं, ‘यांचा टी-शर्ट साइज काय?’ मी उत्तर दिलं नाही. बराच वेळ शांतता. मग ती स्वतः म्हणाली, ‘मीडियम. आणि यांचा लार्ज.’

शर्यतीच्या दिवशी थंडी चांगली होती. पहिला किलोमीटर गर्दीत ‘अरुंद, अरुंद’ करण्यात गेला. लोक मोबाइलवर आमचा व्हिडिओ काढायला नेमके आमच्याच पुढ्यात येत होते. एकाला मी खास पुणेरी बोलले, ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या किलोमीटरपासून रस्ता मोकळा झाला आणि मी जेवढी पळू शकते त्यापेक्षा वेगानं पळत होते. चौथ्याला माझ्या तोंडात लोखंडाची चव आली. तिनं हात आखडता घेतला. मी म्हटलं, नको घेऊस, आता थोडंच राहिलंय माझं.

पाच किलोमीटरच्या पाटीशी भाची दुभाजकाला टेकून उकिडवी बसली होती, खो-खोत पाटीवर बसलेल्या खेळाडूसारखी, आमच्याकडे पाठ करून. हे त्या दोघींनी आपसांत ठरवलं होतं, मला सांगितलं नव्हतं. मी मोकळ्या हातानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि होता नव्हता तेवढा दम काढून ओरडले, ‘खो!’ भाची उठली, दोन पावलं आम्ही तिघी एका रांगेत पळालो, नाडीचा फास माझ्या बोटांतून तिच्या बोटांत गेला. मग दोघींची पावलं जुळली आणि त्या निघून गेल्या.

मी भाचीच्या जागेवर जाऊन बसले, दुभाजकाला टेकून. जॅकेट घातलेला एक स्वयंसेवक पळत आला. ‘मॅडम, काय होतंय? ॲम्ब्युलन्स बोलवू?’

‘नको रे,’ मी म्हटलं, ‘खो दिलाय. आता इथंच बसायचं असतं.’